एकवीस पुतळ्या

गोलाणी मार्केट, दुसरा मजला, कूलरमधलं पाणी संपलेलं.
फेगडे सर आले, चित्रकलेचे, रिटायर,
छत्री मिटून कोपऱ्यात ठेवली,
उन्हाचीच छत्री,
आणि हळूच म्हणाले, हेमलता, सोनं पडेल.

जळगावात हे मोठ्यानं बोलत नाहीत.
तिकडे सराफ्यात अख्खी गल्ली जेवते
ते पडत नाही यावर.

तुमच्याकडे सोनं कुठे आहे, मी विचारलं.
नाही ना, म्हणाले, म्हणून तर.
दोन मुलींची लग्नं झाली.
दोन्ही वेळा भाव त्यांच्या आधी मांडवात पोचलेला.
आता तिसरी. या वेळी त्याला उलटा गाठतो.

तर मी त्यांना महिन्याच्या बोलीवर
गोल्ड ईटीएफची दोनशे युनिटं उसनी मिळवून दिली.
कुणाची? ते पडद्यावर दिसत नाही.
विमा कंपनीची असतील,
किंवा कुठल्या दंतवैद्याची.
उसनी घेतली, त्याच मिनिटाला विकली.
ज्यानं विकत घेतली तो म्हणतो माझी.
ज्यानं दिली तोही म्हणतो माझी.
तिजोरीतली वीट एकच, गप्प.

आमचा पुतळीहार असाच.
आई धुळ्याकडची. हार एक, पुतळ्या एकवीस,
आणि गोतावळा मोठा.
वैशाखात तो घरी नसायचाच.
सुमनमावशीला दिला की ती जावेच्या सुनेला द्यायची,
सून आणखी कुणाला.
एका साली तीन अल्बमात तीन नवऱ्या,
तिघींच्या गळ्यात तोच,
आणि तिघींच्या सासवांनी तो आपला म्हणून मोजलेला.
द्यायला आईची कधी ना नव्हती.
फक्त म्हणायची,
जे आपलं नही ते इकानं नही.

रोज सकाळी सर एकच आकडा विचारत,
किती जणांनी उसनं घेऊन विकलंय?
चाळीस हजार, मी सांगायचे. साठ. एक लाख दहा.
आकडा वाढला की चेहरा उजळायचा,
आडरानात दुसरा कंदील दिसावा तसा.
मी म्हटलं, सर, हे सगळे एक दिवस विकत घ्यायला निघतील.
फेडायचंय ना प्रत्येकाला.
त्यांनी ऐकलं. चहा बशीत ओतला.

आखाजीच्या आदल्या दिवशी,
लेकी माहेरी आलेल्या, कडुनिंबाला झोके,
सराफ्यात पाय ठेवायला जागा नाही,
देणाऱ्यानं मुदतीआधीच युनिटं परत मागितली.
कारण लिहिलेलं नसतं.
त्याच्याकडेही आखाजी असेल.

सव्वाअकरा. भाव वर.
एक लाख दहा हजारवाले सगळे एकाच बोळात,
आणि बोळाच्या तोंडाशी विकणारा कुणी नाही.
फोनवर सर म्हणाले, घे.
अजून वर गेलाय, मी म्हटलं.
घे म्हटलं ना.
घेतली दोनशे.
शेवटची तेरा सगळ्यात महाग.

पैसे भरायला स्वतः आले.
चेकवरची सही अजून वळणदार.
तिसरीचं काय, मी विचारलं.
ती म्हणते, मला सोनं आवडतच नाही.
छत्री उघडता उघडता म्हणाले,
लहानपणी तिच्या प्रत्येक चित्रातली बाई
मी पिवळा खडू संपेपर्यंत रंगवलेली बघितली आहे.

तीन नवऱ्यांच्या त्या साली हार परत आला तेव्हा
आईनं तो ओच्यात धरून मोजला. वीस.
पुन्हा मोजला.
कुणाच्या गळ्यात राहिली ते विचारलं नाही.
पुतळ्या जरा सैल ओवल्या,
गोंडा थोडा खाली ओढला.
पुढच्या वैशाखात
मागायला आली तिच्या ओंजळीत हार ठेवत म्हणाली,
एकवीस शेतस.

आणि मोजून दिला नाही.